तीन दिवसांची लघवीची वही: पुरुषांनी ती कशी लिहावी, कशी वाचावी

"सिस्टर, रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं."

ठाण्यातल्या एका यूरोलॉजी ओपीडीत हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते. मग मी विचारते, "प्रत्येक वेळी किती होते?" काका माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जणू मी त्यांच्या पासबुकातला आकडा विचारलाय. "किती म्हणजे? होते तेवढी." शेजारच्या काकू तोंड उघडतात, "चार-पाच कुठे हो, दोनदाच उठता. बाकी वेळ मोबाईल बघत असता."

दोघंही खोटं बोलत नसतात. अर्धवट झोपेत मोजलेल्या गोष्टी सकाळी कुणालाच नीट आठवत नाहीत. म्हणून आम्ही एक कागद हातात देतो आणि तीन दिवस लिहून आणायला सांगतो. डॉक्टर त्याला ब्लॅडर डायरी म्हणतात, मी 'लघवीची वही' म्हणते. कागद घेताना बहुतेकांच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो: एवढी फी भरली आणि हिने शाळेचा गृहपाठ दिला.

तर हा गृहपाठ कशासाठी, ते आधी सांगते. समजा दोन गृहस्थ आहेत. दोघंही रात्री चार वेळा उठतात. एकाला प्रत्येक वेळी ६० मिली होते, दुसऱ्याला ३०० मिली. तोंडी तक्रार अगदी सारखी, पण दुखणी वेगळी. पहिल्याचं मूत्राशय नीट साठवत नाही किंवा नीट रिकामं होत नाही. दुसऱ्याचं मूत्राशय उत्तम साठवतंय, त्याची किडनीच रात्री जास्त लघवी तयार करतेय. दुसऱ्याला नुसती प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीची, गोळी दिली, तर तो सहा महिने गोळी खाऊनही चारदाच उठेल आणि डॉक्टरला नावं ठेवेल. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेलं दिसलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. साठीनंतर ते बऱ्याच जणांचं वाढलेलंच असतं.

ओपीडीत सात प्रश्नांचा एक फॉर्मही भरून घेतात, आयपीएसएस नावाचा. ३५ पैकी गुण: ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. चांगला फॉर्म आहे. त्रास किती वाटतो, हे त्यातून कळतं. पण तोही गेल्या महिन्याचं आठवून भरायचा असतो, आणि मिली त्यात कुठेच नाहीत.

वही काढण्याआधी

काही तक्रारींत वही लिहीत बसायचं नसतं, सरळ दवाखाना गाठायचा असतो. लघवी तुंबली आहे, ओटीपोट फुगून दुखतंय आणि थेंबही येत नाही, तर तासांचा हिशोब करू नका, कॅज्युअल्टीत जा. लघवीतून रक्त येणं, एकदाच आलं आणि परत आलं नाही तरीही. (आदल्या रात्री बीट खाल्लं होतं का, ते आठवून बघा, पण शंका असेल तर दाखवाच.) थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ. पायांत अचानक अशक्तपणा किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा. आणि एक गोष्ट लाजेपोटी लपवली जाते: मोठ्या माणसाचं झोपेत अंथरूण ओलं होणं. मूत्राशय कायम तुडुंब भरलेलं राहून वरून सांडतंय, असा त्याचा अर्थ असू शकतो आणि त्यात किडनीला धोका असतो.

यातलं काही नसेल तर दिवस निवडा. तीन पुरतात. ते ओळीने असायला हवेत असं नाही. नोकरी करणाऱ्याने एक कामाचा आणि दोन सुट्टीचे घ्यावेत. एकादशी, घरचा गणपती, लग्नघर, हे दिवस नकोत, कारण तेव्हा खाणंपिणं आणि झोप नेहमीची नसते. मे महिन्यातल्या घामाच्या दिवसांत लघवी आपसूक कमी होते. दुसरे दिवस मिळत नसतील तर तेच घ्या, फक्त कोपऱ्यात 'खूप उकाडा' एवढं लिहा.

माप

एक प्लॅस्टिकचा मापाचा जग घ्या, ५०० मिलीचा, बाजूला रेघा असलेला. जांभळी नाक्याला भांड्याकुंड्यांच्या दुकानांत मिळतो. मेडिकलमधला युरिनपॉटही चालतो, पण त्यावरच्या रेघा कधीकधी अंदाजपंचे असतात, एकदा तपासून घ्या. काहीच आणायचं नसेल तर कोल्ड्रिंकची मोठी बाटली वरून कापा. २० मिलीच्या सिरिंजने पाच वेळा पाणी टाकलं की १०० मिली. तिथे मार्करने रेघ मारा आणि असंच वर चढत जा. स्वयंपाकघरात डिजिटल वजनकाटा असेल तर आणखी सोपं, १०० ग्रॅम पाणी म्हणजे १०० मिली. मात्र हा जग पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरात आधीच जाहीर करा. एका घरात तो धुऊन ताकासाठी वापरायला घेतला गेला होता, आणि काकूंनी ते ऐकल्यावर काय केलं असेल ते इथे लिहीत नाही.

प्यायच्या भांड्यांचंही माप एकदाच घ्या. तुमचा स्टीलचा पेला किती मिलीचा, चहाचा कप किती, ऑफिसमधली कटिंग किती. एकदा मोजलं की पुढे 'एक कप' एवढं लिहिलं तरी भागतं. वरण, कढी, कलिंगड यांचे मिली काढत बसू नका. रात्रीच्या जेवणात कढीच्या दोन वाट्या झाल्या तर तेवढं शब्दांत लिहा. चहा, कॉफी आणि दारू मात्र वेगळी दिसली पाहिजे. डॉक्टरांची नजर आधी तिथेच जाते.

काय लिहायचं

साधी दुरेघी वही पुरते. पानावर पाच रकाने आखा: वेळ, काय आणि किती प्यायलो, लघवी किती मिली, घाई किती, गळती झाली का. वरच्या बाजूला तारीख, झोपायला दिवा बंद केल्याची वेळ आणि सकाळी उठल्याची वेळ. झोपेच्या या दोन वेळा नसतील तर उरलेली वही अर्धी वाया जाते, आणि नेमक्या त्याच लिहायच्या राहतात. म्हणून त्या मी स्वतःच्या हाताने लाल पेनाने रकाना आखून देते.

घाईला आकडा द्या. ० म्हणजे घाई नव्हती, सहज गेलो. १, थोडी होती पण विसरू शकलो असतो. २, जायलाच हवं होतं, तरी थोडा वेळ दम धरता आला. ३, हातातलं काम टाकून पळालो. ४, पोहोचायच्या आत कपड्यात झाली.

आता शून्यांबद्दल. ठाण्याचा माणूस लोकल पकडायच्या आधी एकदा जाऊन येतोच. गाडीत सोय नाही, स्टेशनवरच्या सोयीवर विश्वास नाही, पुढचा तासभर कुणाच्या तरी बॅगेला चिकटून उभं राहायचंय. तीस वर्षं नोकरी केलेल्यांचं मूत्राशय या 'असू दे, जाऊन येतो'ला इतकं सरावतं की निवृत्तीनंतरही दाराबाहेर पडताना ते आपोआप जागं होतं. अशा वेळेपुढे 'ख' लिहा, ख म्हणजे खबरदारी. एका गृहस्थांच्या वहीत दिवसाच्या अकरा वेळांपैकी सहा 'ख' निघाले. त्यांना औषधाची गरज नव्हती, सवय मोडायची होती.

गळतीतही फरक करा. घाई होऊन झाली, खोकताना झाली, की लघवी करून चेन लावल्यावर दोन-चार थेंब पडले? शेवटचा प्रकार पुरुषांत फार सामान्य आहे. मूत्रमार्गाच्या वळणात थोडी लघवी मागे राहते आणि चालायला लागलं की बाहेर येते. त्यावर उपाय साधा आहे: लघवी झाल्यावर अंडकोशाच्या मागे बोटांनी हलकं दाबून पुढच्या दिशेने निपटायचं. पॅन्टवर डाग पडतो म्हणून पांढरी पॅन्ट घालणं सोडलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्यांनी ही तक्रार डॉक्टरला कधी सांगितलीच नव्हती.

बाहेर असताना मोजता आलं नाही तर वेळ लिहा आणि पुढे 'मापलं नाही'. अंदाजाने २०० ठोकू नका. कोरी जागा डॉक्टरला चालते, बनावट आकडा चालत नाही. रात्री जग, पेन आणि कागद संडासातच ठेवा, चष्म्यासकट. सकाळी आठवून लिहीन म्हणणाऱ्यांच्या सगळ्या वेळा बरोबर २, ४ आणि ६ वाजताच्या असतात.

रात्रीसाठी अजून एक खूण. लघवीमुळे जाग आली की जाग आल्यावर लघवीला गेलात? डास, गुडघा, शेजाऱ्याचा कुत्रा, चिंता, यांपैकी कशानेही जाग आली आणि मग 'आता उठलोच आहे तर' म्हणून गेलात, तर 'आधी जाग' असं लिहा. तो झोपेचा प्रश्न असू शकतो.

महापे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटला रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळ विसरावं. तुम्ही झोपता ती तुमची रात्र, मग ती सकाळी ९ ते दुपारी ३ का असेना.

शेवटच्या पानावर औषधं, वेळेसकट. रक्तदाबाची, साखरेची, हृदयाची, सगळी. फ्युरोसेमाइडसारखी पाणी काढणारी गोळी कधी घेता, यावर रात्रीचं गणित बदलतं. अॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते. साखरेसाठीची डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात आणि साखरेबरोबर पाणीही जातं. हे कुणी सांगितलेलं नसतं, मग माणूस प्रोस्टेटला दोष देत बसतो. सर्दीची गोळीही लिहा. त्यातल्या काही घटकांनी प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडते, एखाद्याची पूर्ण तुंबते.

आणि या तीन दिवसांत शहाण्यासारखं वागू नका. वही चांगली दिसावी म्हणून पाणी कमी पिणारे पुष्कळ भेटतात. नेहमी तीन चहा घेत असाल तर तीनच घ्या.

हिशोब

हा भाग डॉक्टर करतीलच, पण स्वतः केला तर वही हातात धरताना वेगळं वाटतं. दोन-तीन जणांच्या कागदांवरून मी एक दिवस बनवला आहे. गृहस्थ ६८ वर्षांचे, वजन ७० किलो, राहायला घोडबंदर रोडला.

सकाळी ६.१५ ला उठून केलेली लघवी या दिवसात धरायची नाही, ती आदल्या रात्रीची. त्यानंतर ८.३० ला २०० मिली, ११.१५ ला १८०, १.४५ ला २२०, ४.३० ला १५०, ७ ला १८०, झोपण्यापूर्वी १०.१५ ला १७०. दिवसाची बेरीज ११०० मिली. १०.३० ला दिवा बंद. १२.४० ला ३००, २.३० ला २८०, ४.१५ ला २६०, आणि सकाळी ६.१० ला उठल्यावर ३२०.

सगळे इथेच चुकतात. झोपण्यापूर्वीची लघवी दिवसाची, कारण ती जागेपणी तयार झाली. सकाळची पहिली लघवी रात्रीची, कारण ती झोपेत तयार झाली. म्हणजे रात्रीचे ३००, २८०, २६० आणि ३२० मिळून ११६०. चोवीस तासांचे २२६०. रात्रीचा वाटा ५१ टक्के.

पासष्टीच्या पुढे हा वाटा ३३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर रात्री लघवी जास्त तयार होतेय असं धरतात. तरुणांत ही रेघ २० टक्क्यांना असते, मधल्या वयात मधे कुठेतरी. या गृहस्थांचं मूत्राशय एका वेळी ३२० मिली धरतंय, म्हणजे साठवण ठीक. मग रात्री एवढं पाणी कुठून आलं? त्यांना मोजे काढायला सांगितलं. घोट्याच्या वर मोज्याची रेघ खोल उमटलेली. दिवसभर पाणी पायांत उतरतं, रात्री आडवं झालं की परत रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर काढते. अशा माणसाला उशिरा दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायला सांगतात, लोणचं-पापड कमी करायला सांगतात, संध्याकाळनंतरचं पाणी आवरतं घ्यायला सांगतात, पाणी काढणारी गोळी असेल तर डॉक्टर तिची वेळ बदलतात. हृदय, किडनी आणि साखर तपासली जाते. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं आहे का, तेही विचारतात, कारण स्लीप अॅप्नियातही रात्रीची लघवी वाढते. रात्रीची लघवी कमी करणारं वेगळं औषधही आहे, पण वय झालेल्यांत त्याने रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकतं. शेजाऱ्याला लागू पडलं म्हणून ते घ्यायचं नाही.

दुसऱ्या प्रकारची वही: दिवसातून चौदा वेळा, प्रत्येक वेळी ६० ते १२०, घाईच्या रकान्यात २ आणि ३ यांची रांग, एकूण १३०० मिली. लघवी जास्त होत नाही, पिशवी कमी धरते. पण एवढ्यावरून अतिचंचल मूत्राशय (पुरतं न भरताच घाई लावणारं) असा शिक्का मारता येत नाही. वहीला बाहेर आलेलं दिसतं, आत राहिलेलं दिसत नाही. ४०० मिली आत शिल्लक राहून वरचे ८० येत असतील तरी वही अशीच दिसेल. म्हणून लघवी केल्यानंतरची सोनोग्राफी लागते. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय निदान पुढे सरकत नाही, आणि चंचल मूत्राशयाची काही औषधं तुंबणाऱ्या माणसाला दिली तर तो आणखी तुंबतो.

तिसरी वही मला मनापासून आवडते, कारण तिचा इलाज फुकट आहे. बारा वेळा, पण प्रत्येक वेळी ३०० ते ३५०, एकूण चार लिटरच्या आसपास. वजनाच्या दर किलोमागे ४० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे ७० किलोच्या माणसाला २८०० मिलीच्या वर, लघवी होत असेल तर ती मुळातच जास्त आहे. आधी रक्तातली साखर बघायची. ती ठीक निघाली तर पिण्याचा रकाना वाचायचा. उपाशीपोटी तांब्याच्या भांड्यातलं लिटरभर पाणी, उपवन तलावाला फेरी मारून आल्यावर आणखी एक बाटली, किडनी 'धुवायला' दिवसभर कोमट पाणी. एवढं आत गेलं की एवढं बाहेर येणारच. साधारणपणे दिवसाला दीड-दोन लिटर लघवी झाली तरी किडनी समाधानी असते. मुतखड्याच्या माणसाला मात्र जास्त पाणी मुद्दाम सांगितलेलं असतं, त्याने आमचं ऐकून ते कमी करू नये.

वहीचा पुढचा उपयोग

उपचार सुरू झाल्यावर वही फेकू नका. टॅमसुलोसिन, सिलोडोसिनसारख्या प्रोस्टेटच्या गोळ्यांचा परिणाम काही दिवसांत-आठवड्यांत दिसतो, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडला सहा महिने द्यावे लागतात. (या दोन औषधांनी पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा, आकडा साधारण निम्म्यावर येतो. पुढे कधी पीएसए केलात तर ही गोळी चालू असल्याचं सांगायला विसरू नका.) त्यानंतर पुन्हा तीन दिवस लिहा आणि जुन्या पानाशेजारी ठेवा. 'थोडं बरं वाटतंय' यापेक्षा 'एका वेळी ९० मिलीवरून १८०' हे वाक्य डॉक्टरला जास्त कळतं.

घाईवाल्यांना वहीवरूनच मूत्राशयाची तालीम देतात. सध्या दर तासाला जात असाल तर सव्वा तास धरायचा, ते जमलं की दीड. घाईची लाट आली की पळायचं नाही, जागेवर उभं राहून खालचे स्नायू आवळायचे, लाट ओसरू द्यायची आणि मग चालत जायचं. दोन-तीन महिने लागतात. ज्यांची लघवी आत शिल्लक राहते त्यांनी हे करायचं नाही.

यायच्या दिवशी वही, औषधांची पिशवी आणि जुने रिपोर्ट आणा. वहीचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलात तर तो आडवा, अंगठ्यासकट येतो आणि नेमका रात्रीचा रकाना अंगठ्याखाली असतो, तेव्हा कागदच आणा. बहुतेक त्याच दिवशी यूरोफ्लो करतात. म्हणजे मशीनच्या भांड्यात लघवी करायची आणि धारेचा वेग कागदावर उमटतो. त्यासाठी किमान १५० मिली झाली पाहिजे, नाहीतर आलेख कामाचा नसतो. हे ऐकून लोक घरून पोट फुगवून निघतात आणि घोडबंदरच्या कोंडीत घामाघूम होऊन पोहोचतात. तोवर इतकी साचलेली असते की धार आणखीच अडखळते, नाहीतर पोहोचताच आधी संडास गाठावा लागतो आणि पुन्हा दोन तास बसावं लागतं. रिकामे या. इथे येऊन दोन-तीन ग्लास पाणी प्या, तासभर बसा आणि नेहमीसारखी लागली की मला हाक मारा.